जावई पाण्यात

भागीरथी गेल्यापासून आचऱ्याचा गुणाजी रोज सकाळी समुद्रात एका डॉल्फिनबरोबर पोहायचा आणि ही आपली बायकोच आहे, असं गावभर सांगायचा. खोल पाण्यात गेलो की ढुशी देऊन काठाकडे आणते, अगदी तिच्यासारखीच, असं त्याचं म्हणणं.

मे महिन्यात त्याची मुलगी सुगंधा नवऱ्याबरोबर मुंबईहून बोटीने आली, ती बापाला न्यायलाच.

"एवढो मोठो मासो, खंयतरी शेपटी बसात, बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्यापेक्षा आमच्यावांगडा मुंबयक चला."

"तुझी आवस माका शेपटी मारतली? आणि मी गेलंय तर हयसर ती एकटी रवात गो!"

"धोका आहे की नाही, मीच बघतो," म्हणत जावई रविकांत सकाळी गुणाजीच्या मागोमाग पाण्यात उतरला. गुणाजीभोवती गिरक्या घेणारा डॉल्फिन त्याला बघताच खडकाआड गेला. रविकांत बाहेर आला की मासा परत गुणाजीपाशी यायचा, तो उतरला की पुन्हा खडकाआड. तीन-चारदा हेच झालं. शेवटी रविकांत कमरेएवढ्या पाण्यातून ओरडला, "सुगंधा, साधं बुजरं जनावर आहे हे! बाबांचं सामान बांध!"

सुगंधा मघापासून त्या खडकाकडेच बघत होती.

 

"तुमी आदी भायर येवा बघू! जिती आसताना आई कदी तुमच्यासमोर इली नाय, ती आता येतली?"