रिकामी बाजू

सुट्ट्यांमागून सुट्ट्या गॅरेजमध्ये घालवून सुतारानं ती छोटी शिडाची होडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. बायको तिला 'तरंगतं कपाट' म्हणायची, पण पहिल्या सफरीला मात्र हौसेनं आली.

काल होडी इतकी अवखळ होती, की बायको नुसती डब्याकडे वाकली तरी कलायची. रात्री त्यांनी एका निर्जन बेटावर तंबू ठोकला. सकाळी निघाले, आणि आज होडी ढिम्म.

"अहो, आज तुमचं कपाट शहाण्यासारखं वागतंय."

सुतार हसला नाही. वारा पडला होता, शीड मलूल लोंबत होतं, सामान मधोमध बांधलेलं होतं. तो सरकून उजव्या कडेच्या फळीवर बसला. होडी कलायला हवी होती. कलली नाही.

"अगं, जरा इकडे माझ्याजवळ बस."

"दोघं एकाच बाजूला? बुडवताय की काय?"

"ये म्हणतो ना!"

ती येऊन त्याला खेटून बसली. आता काठावरून पाणी आत यायला हवं होतं. होडी टेबलासारखी सपाट राहिली.

समोरची, डाव्या कडेची फळी रिकामी होती. पण त्यानंच रंधा मारून सरळ केलेली आणि मघापर्यंत सरळच असलेली ती फळी आता मध्ये चांगलीच वाकली होती.

त्या फळीकडे बघत बायको उठू लागली. "मी आपली मागे माझ्या जागेवर जाते."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. "उठू नकोस. आपण उठलो, तर होडी तिकडे उलटेल."



समोरची फळी करकरली आणि सावकाश सरळ झाली.

मग होडी त्यांच्या बाजूला कलू लागली.