शेळीवरची नजर

आमच्या अमृतला एक खोड आहे. सांगितलेलं काम सोडून भलतंच काम मन लावून करतो. कालव्याकडच्या उसात बिबट्या दिसला, म्हणून या लेकाला चारदा म्हटलं, गोठ्याच्या दाराची कडी मोडलीय, तेवढी बसव. यानं गोठ्यात कॅमेरा बसवला. घरात जुना कॉम्प्युटर, त्यात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स, पुढं नवाकोरा मॉनिटर. गोठ्यातली शेळी पडद्यावर चांगली दिसत व्हती, पण म्हणे चित्र अडखळतंय. तीन दिवस कीबोर्ड बडवतोय.

"आई, हा पडदा सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो. मी एकशे चव्वेचाळीस वेळा करतोय."

तेवढ्यात पडदा काळा पडला.

"थांब, पंधरा सेकंदांत चित्र आपोआप परत येतं."

"बिबट्याला पंधरा सेकंद लई झाले," मी म्हणाले आणि तडक गोठ्यात गेले. शेळी सोडून घरात आणली, त्याच्याच खुर्चीच्या पायाला बांधली आणि पुढ्यात भाकरी टाकली. यानं मान वळवली न्हाई.

जरा वेळानं खुशीत म्हणाला, "जमलं बघ. चित्र कसं लोण्यासारखं झालंय. आता शेळीनं कान हलवला तरी कळंल."

पडद्यावर नुसता खुंटा व्हता.

"मी कडीचं चारदा सांगितलं, ते तुला ऐकू आलं न्हाई. हा पडदा सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा सांगतोय, गोठ्यात शेळी न्हाई, ते तुला दिसंना. आता आणखी कुणी सांगावं तुला, लेका?"