संडासाची धर्ममाता

पापा गेले त्याच्या आदल्या दिवशी नगरसभेत नेहमीसारखेच भांडले. तितिकाका सरोवराच्या काठाचा नवा आराखडा मंजुरीला आला होता: काचेचं हॉटेल, कारंजी, पुमाचा पुतळा. आमच्या वस्तीचे नगरसेवक म्हणून पापांची मागणी एकच होती, सार्वजनिक संडास.

"अहो फोर्तुनातो, लोक इथे सरोवर बघायला येतात," महापौरबाई म्हणाल्या.

"बघू द्या की. पण बघून झाल्यावर जातील कुठे?"

सभा खो खो हसली. आराखडा मी काढलेला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पापा गेल्यावर त्याच सभेनं हळहळत संडास एकमतानं मंजूर केला आणि त्याला त्यांचंच नाव दिलं. आमच्याकडे नव्या इमारतीला धर्ममाता लागते. तिनं फीत बांधलेल्या हातोडीनं दारावरची शॅम्पेनची बाटली फोडायची आणि दोन शब्द बोलायचे. तो मान मला मिळाला.

बोचऱ्या वाऱ्यात एकूण एक नगरसेवकानं पापांवर भाषण केलं. दर भाषणाला नगरसेविका हेर्मेलिंदामावशी माझा पेला भरत होत्या. "घे गं पोरी, बापाच्या नावानं! नाही म्हणायचं नाही!"

शेवटी एकदाची मी बाटली फोडली, माईक हातात घेतला आणि तशीच आत पळाले. कडी लावली. बाहेर सगळा काठ माझे दोन शब्द ऐकायला गप्प उभा होता, आणि माईक चालूच होता.


"पापा, तुमचंच बरोबर होतं हो!"