पाटाचा पाथरवट

ग्वेन दगडावर पालथी झोपली होती. चष्मा कपाळावर सरकवून ती एका खुणेवरून बोट फिरवत होती. उभी एक रेघ, तिला डावीकडून तीन तिरप्या रेघा. मोडक्या कंगव्यासारखी.

“तीच आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “अगदी तीच.”

किशोरराव तिच्या शेजारी उकिडवे बसले.

टेंभुरखेडचा हा दगडी पाट त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते पाटबंधारे खात्यात नवे कालवा निरीक्षक होते. डोंगरातलं पाणी चार कमानींवरून नाला ओलांडून शिवारात उतरत होतं, आणि ते कोणी बांधलं याची नोंद एकाही दप्तरात नव्हती. पुढे ते निवृत्त झाले, अमरावतीच्या राजापेठेत घर झालं, पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. दर दोन महिन्यांनी ते परतवाड्याची बस धरायचे, तिथून जीपने इथं यायचे आणि त्याच कमानी पुन्हा मोजून परत जायचे.

“एवढ्या चकरा माह्या माहेरी मारल्या असत्या, तं भावानं तुमाले चांदीचं ताट केलं असतं,” त्यांची बायको रागिणी म्हणायची.

मागच्या वर्षी त्यांनी त्या खुणेचा फोटो इंटरनेटवर टाकला. आठ महिन्यांनी वेल्समधून ग्वेन पॅरी नावाच्या निवृत्त शिक्षिकेचं लांबलचक पत्र आलं. तिचा सात पिढ्यांमागचा पूर्वज टॉमस पाथरवट होता. निदान चर्चच्या वहीत तरी त्याचं नाव टॉमस असं होतं. सतराशे नव्वदनंतर तिकडे कालव्यांची मोठी कामं निघाली, तेव्हा नदीवरून कालवा नेणाऱ्या एका पुलाचे दगड त्याने घडवले. त्या दगडांवर हीच खूण होती.

पत्राचा उरलेला भाग तिच्या घराण्याबद्दल होता. तो किशोररावांनी सावकाश वाचायला ठेवला. त्यांना हवं ते मिळालं होतं. बाकीचं त्यांनी मनाशी जुळवलं: तिकडचं काम संपलं, टॉमस कंपनीच्या फौजेबरोबर इकडे आला, अठराशे तीनमध्ये गाविलगड पडला त्या सुमारास इथं मुक्कामाला राहिला आणि तिकडे शिकलेली विद्या इथं उभी करून गेला. त्यांनी लेख लिहिला, अमरावतीत चाळीस माणसांपुढे वाचला. टाळ्या पडल्या. येत्या रविवारी पाटाजवळ दगडी फलक बसणार होता, आणि त्यासाठीच ग्वेन आली होती.

म्हणजे किशोररावांना तरी तसं वाटत होतं. सकाळी त्यांनी तिला परतवाड्याजवळची गोऱ्या लोकांची जुनी दफनभूमी दाखवली. तिने दोन थडग्यांवरची अक्षरं वाचली आणि ती बाहेर आली.

“मी कबर शोधायला आलेली नाही,” ती म्हणाली.

किशोररावांना ते आवडलं. कारागिराला त्याच्या कामात शोधायचं, बरोबरच आहे.

पाट पाहून झाल्यावर ते गावात मोतीरामकडे गेले. फलक तोच घडवत होता. टेंभुरखेडात आता छिन्नी हाती धरणारा तो एकटाच उरला होता. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची, कुठे देवळाची पायरी घडवायची, असं त्याचं चाले. फार वर्षांपूर्वी तो किशोररावांना एकदा म्हणाला होता, “साहेब, हा पाट आमच्याच घरच्या मानसायनं बांधला.”

“कागद हाय का काही?” किशोररावांनी विचारलं होतं.

कागद कुठून असणार? त्यानंतर मोतीरामने तो विषय काढला नाही. फलकाचं काम सांगितलं तेव्हाही त्याने वेल्सच्या पाथरवटाची सगळी कथा ऐकून घेतली. हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं. मजकूर लिहून द्या. खोदून देतो.”

सुनेने चहा आणला. ग्वेन खुर्ची सोडून मोतीरामच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने प्रश्नांचा सपाटा लावला. दगड कुठल्या खाणीचा? घरात हे काम किती पिढ्यांचं? मुलं कितव्या वर्षी छिन्नी धरायची? किशोरराव इकडचं तिकडे सांगून सांगून दमले. शेवटी तिने मोतीरामचा हात हातात घेतला आणि तळवा कितीतरी वेळ पाहत राहिली.

मोतीराम ओशाळला. “काय पाहून राहिल्या ह्या बाई?”

“तिले कारागिराचं लय कौतुक हाय,” किशोरराव म्हणाले.

मोतीरामने हात सोडवून घेतला आणि फलकावरचं पोतं बाजूला केलं. काळा दगड आरशासारखा घोटला होता. अक्षरं इतकी नेटकी की किशोररावांना मोतीरामकडे बघवेना. ज्या माणसाने आयुष्यभर हा पाट आपला मानला, त्याच्याच हातून आपण दुसऱ्याचं नाव कोरून घेतलं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

“काय लिहिलंय?” ग्वेनने विचारलं.

किशोररावांनी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. “वेल्सहून आलेल्या टॉमस पाथरवटाने हा पाट बांधला.”

ग्वेनने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“सालाची जागा सोडली हाये,” मोतीराम म्हणाला. “बाईले इचारा न, तो गोरा साहेब आपल्याकडं कोनत्या साली आला?”

किशोररावांनी विचारलं. ग्वेनने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मोतीरामकडे.

“गोरा?” ती म्हणाली. “किशोर, तुम्ही माझं पत्र शेवटपर्यंत वाचलंत ना? एका कॅप्टनच्या नोकरांबरोबर तो वेल्सला पोचला, तेव्हा बारा वर्षांचा होता. तो इथं आला नाही. इथून गेला.”