दुरुस्तीसाठी दोन ओळी

"याले कुलूपच नाही ताई," शिपाई चंपतराव म्हणाले आणि शाळेच्या चाव्यांचा जुडगा त्यांनी परत खिशात टाकला. "बाई म्हणे, पोरायच्या वह्या हाये, पोरायनं केव्हाबी घ्याव्या."

अरुंधतीने चौथीच्या वर्गातलं हिरवं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या फळीवर खडूचा डबा, सुईदोरा, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. खाली इतवारी बाजारातून ठोकात आणलेल्या वह्यांचे गठ्ठे. आईला जाऊन सतरा दिवस झाले होते. बाईंचं सामान घेऊन जा, असा शाळेतून निरोप आला होता.

सामानासाठी ती आली नव्हती. आईच्या प्रताप नगरच्या घरातली पेटी, देवघराचा खण, गादीखालची जागा, सगळं तिने पाहून झालं होतं. आईने तिच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं असेल. एक ओळ तरी. असलंच तर ते आता फक्त इथे असू शकत होतं.

चंपतराव दारातच उभे होते. "तुमी पुण्याच्या ना?"

"हो."

"दूर हाये बा पुणं." ते चौकटीला टेकले. "बाई दवाखान्यात होत्या तं आमी शाळेतलेच लोक आळीपाळीनं बसलो. मी इचारलं, पोरीले फोन लावू का? नाही म्हणे. तिचं तिले येऊ द्या."

अरुंधतीने पहिला गठ्ठा सोडला.

दोन वर्षांपूर्वी तिने आईला पत्र लिहिलं होतं. फोनवर बोलता आलं नसतं म्हणून कागदावर, इतक्या वर्षांचं साठलेलं. दीड महिन्याने कुरियरने जाड पाकीट आलं. आत तिचंच पत्र होतं, नीट घडी घालून परत पाठवलेलं. सोबत चिठ्ठी नाही, शब्द नाही. ती घडी तिने उलगडलीसुद्धा नाही. त्यानंतर तिने नागपूरला फोन केला नाही. आईनेही केला नाही. पाकीट मात्र पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिलं. राग विझायला लागला की त्यावर हात ठेवला तरी पुरायचं.

तिने एक वही उघडली, मग दुसरी. कुठेच लाल शाई नव्हती. लहानपणी तिने आजोबांना लिहिलेलं पोस्टकार्डसुद्धा टपालपेटीत पडण्याआधी आईकडून लाल होऊन परत यायचं.

"हे माझी वही हाये."

दारात दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती.

"काहून वं मेघा, इथं काय करून राहिली?" चंपतराव म्हणाले. "वर्गात बस."

"बाईनं सांगतलं होतं, केव्हाबी घ्या."

"बाई गेल्या, अन् वकील मागं ठेवून गेल्या," चंपतराव पुटपुटले.

अरुंधतीने वही तिच्यापुढे धरली. "बाई तपासत नव्हत्या का?"

"तपासत ना. हे पाहा." मेघाने समासावर बोट टेकवलं. तिथे पेन्सिलीचा ठिपका होता, मोहरीपेक्षाही बारीक. "ठिपका असला का त्या ओळीत चूक हाये. कोनती, ते बाई सांगत नसत. आपली आपनच शोधायची. अन् खाली ह्या दोन रेघा मारून देत. तिथं बरोबर लिहायचं, मंग वही परत द्यायची."

"आणि सापडलीच नाही तर?"

"तं बाई थांबत. मले एकदा आठ दिवस लागले. मले रोज वाटे, आज बाई इचारतीन. इचारलंच नाही. चिडल्याबी नाही."

"ठिपका नसेल तर?"

मेघाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तं मंग ओळ बरोबर ना."

"पहिले लाल पेनच होता," चंपतराव म्हणाले. "मंग एक दिवस सारा डबाच मले देऊन टाकला. माझी नात अजून त्या पेनायनं सूर्य काढते."

मेघाने वहीचं शेवटचं पान उघडलं. दोन्ही रेघांवर तिने अक्षर दाबून काहीतरी लिहिलं होतं. "मले सापडली. पन आता वही द्यायची कोनाले? तुमी पाहान का?"

"मला नाही तपासता येत," अरुंधती म्हणाली.

मेघा वही छातीशी धरून गेली. घंटा द्यायची म्हणून चंपतरावही गेले.

अरुंधतीने उरलेले गठ्ठे एकेक करून पाहिले. प्रत्येक वही झटकली. खडूचा डबा उलटा केला. तिच्या नावाचं काही नव्हतं. ती पुढच्या बुटक्या बाकावर बसली. गुडघे वर आले. बाहेर मुलं सुटली, ओरडली, लांब गेली.

बऱ्याच वेळाने तिने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून पाकीट काढलं. दोन वर्षांत घडी इतकी दाबली गेली होती की कागद जपून उलगडावा लागला.

'तू माझ्या प्रत्येक वाक्यावर लाल रेघ मारलीस.' समास कोरा होता.

'बाबा गेले त्या आठवड्यातही तू वह्या तपासत बसलीस. मला जवळ घेतलं नाहीस.' समास कोरा.

'तुझ्यासमोर तोंड उघडायची मला अजून भीती वाटते.' कोरा.

पान संपलं. तिच्या सहीच्या खाली पट्टी धरून मारलेल्या पेन्सिलीच्या दोन सरळ रेघा होत्या. त्यांवर काही लिहिलेलं नव्हतं.

सबंध पत्रात ठिपका एकच होता, शेवटच्या ओळीसमोर.

'मी आले काय, नाही आले काय, तुला काहीच फरक पडत नाही.'