ओढ्याकाठची बाई

"दाराशी ओढा असताना पाणी तीन मैलांवरून का आणता?" मॅजिस्ट्रेट फॅरनने विचारलं.

खोपटाबाहेर पाच मेंढपाळ उभे होते, पाचही आयर्लंडहून सिडनीच्या वसाहतीत सजा भोगायला आणलेले. ओढ्याकाठी राहणारी इथली मूळची काळी माणसं महिन्यापूर्वी आपणहून डोंगरापलीकडे गेली, असं पाचही जणांचं अगदी त्याच शब्दांत सांगून झालं होतं.

"ओढ्यात मेंढरं मुततात, साहेब," मुकादम स्टॅग म्हणाला. "कैदी झाले म्हणून काय झालं, जीभ त्यांनाही आहे."

दोघे हसले. एक जण नुसताच मान खाजवत राहिला.

होनोरा चहा घेऊन बाहेर आली होती. त्या पाचांतल्या डेनिस टायर्नीची बायको. कडेवर चार महिन्यांची पोर.

"मेंढरं तिकडे जातच नाहीत," ती म्हणाली. "कुत्रंसुद्धा जात नाही."

"नोरा, आत जा." डेनिसचा आवाज चिरकला. त्याची सुटका दोन महिन्यांवर आली होती.

तिने चहाचा पेला धुळीतच ठेवला आणि ओढ्याकडे चालू लागली. फॅरन मागोमाग निघाला.

"टायर्नी, बायकोला आवर!" स्टॅग ओरडला.

डेनिस दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

वळणापाशी बैलगाडीएवढा राखेचा ढीग होता. पावसाने बसलेला. फॅरनने काठीने राख उकरली. एक लहानसा जबडा वर आला. त्याने काठी टाकून दिली. हात कशालाही लागला नव्हता, तरी तो विजारीला पुसत राहिला.

"किती जण होते?"

"नाही सांगता येत. बंदुका सकाळी वाजल्या. धूर दोन दिवस होता."

"ओळखीचं कोणी?"

"एक बाई. हिची नाळ तिनंच कापली." होनोराने पोरीला वर सरकवलं. "दुसरी बाई होती कुठे इथे?"

"तिचं नाव?"

होनोराने सांगितलं. फॅरनने पेन्सिल वहीवर टेकवली. "पुन्हा सांग." तिने पुन्हा सांगितलं. नाकातून निघणारा पहिला आवाज तिच्या आयरिश जिभेला सहज येत होता.

"हे लिहायचं कसं?"

"मला लिहिता येत नाही, साहेब. म्हणता येतं."

माश्या त्याच्या डोळ्यांशी येत होत्या. त्याने घाईघाईने एक ओळ लिहिली.

"काय लिहिलंत?"

"एक स्त्री. नाव अज्ञात."

"अज्ञात कसं? आत्ता सांगितलं ना मी!"

त्याने वही मिटली. ते परत आले, तेव्हा टायर्नींचं अंथरूण खोपटाबाहेर पडलं होतं. मुकादम दारात उभा होता. डेनिस वाकून एकेक चिंधी गोळा करत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

फॅरन घोड्यावर बसला. "सिडनीच्या कोर्टात येशील?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"येईन," होनोरा म्हणाली. डेनिसचा हात क्षणभर थांबला. तिने घोड्याचा लगाम धरला. "पण आधी वही काढा, साहेब. सावकाश सांगते."

आणि लहान मुलाला शिकवावं तसं, एकेक अक्षर सुटं करून, ती त्या बाईचं नाव म्हणू लागली.

"ङा. ळि. ञा."