तिरक्या ओळी

निजामाचं राज्य होतं, तेव्हा धारूरच्या बायका दुपारी चिंचोके खेळत. चतुराबाई पाटावर चौकटी आखून प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत एकच चिंचोका ठेवायच्या. पाठमोऱ्या सुनेला फक्त दोन्ही दिशांच्या प्रत्येक तिरक्या ओळीतले चिंचोके मोजून सांगायच्या. तेवढ्यावरून शिवकन्या सगळी मांडणी ओळखायची. तिच्या समोरच्या चकचकीत तांब्यात पाट दिसत असेल म्हणून तो हलवला, तरी तेच! "चोरून बघणारी सून उद्या घर लुटंल," म्हणत चतुराबाईंनी तिला माहेरी धाडायला गाडी जुंपायला लावली आणि शेवटचा डाव मांडला. शिवकन्या अडखळली. "आत्याबाई, आज दोन मांडण्या निघत्यात. उभ्या ओळी आडव्या केल्या तरी तिरकी बेरीज तीच येती. तुमची कोणती, न्हाई सांगता येत." चतुराबाईंनी उभ्या ओळी आडव्या करून चिंचोके पुन्हा मांडले, तिरके मोजले; आकडे तेच आले. पोरीनं चोरून बघितलं असतं, तर एकच सांगितली असती. त्यांनी अंगणातल्या लेकाला हाक मारली, "धुळाजी, बैल सोड."